नकाशात नसलेले तळे

सिंगापूरच्या लिटिल इंडियातील एका मिठाईच्या दुकानापुढे, छपराखाली, माझे टेबल आणि टाईपरायटर असे. नव्वदच्या दशकात अर्ज टाईप करून देण्याचा हा व्यवसाय करणारे थोडेच उरले होते. तरीही रजा, बढती किंवा माफी यांसाठी मराठी खलाशी आणि गोदीतील कारागीर माझ्याकडेच येत. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. परंतु साहेब खुर्चीत सावरून बसेल असे इंग्रजी मी लिहीत असे, आणि हे मी आजही अभिमानाने सांगतो. जे तसे सांगता येत नाही, ते एका मिस्त्रीच्या अर्जाविषयी आहे.

मिस्त्री मूळचा रत्नागिरीकडचा, पन्नाशीला टेकलेला. जहाजांच्या तेलाच्या टाक्यांत उतरून त्या साफ करण्याचे त्याचे काम होते आणि तेथील वाफांनी त्याची छाती खराब होत चालली होती. यापुढे टाकीत उतरू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. अशा वेळी तो एक जाहिरात घेऊन आला. शोभेचे मासे परदेशी पाठवणाऱ्या एका फार्मला आफ्रिकेतील सरोवरांच्या माशांची जाण असलेला माणूस हवा होता.

"भाऊसाहेब, ही नोकरी माझ्यासाठीच काढलीय बघा," तो म्हणाला.

सिंगापूरला येण्यापूर्वी त्याने केनियात आठ वर्षे काढली होती. व्हिक्टोरिया सरोवराजवळची दलदल उपसून शेती करण्याचा प्रयत्न तेथे चालला होता, आणि उपशाचे पंप त्याच्या ताब्यात होते. त्या दलदलीच्या आत एक लहान तळे होते.

"मोठ्या सरोवरात कुणी तरी एक दांडगा मासा आणून सोडला," तो सांगू लागला, "त्यानं बारक्या जाती फस्त केल्या. पण मधे पपायरसच्या लव्हाळ्याचं गचपण आहे ना, त्यातलं पाणी कुजकं. दांडग्याला तिथं श्वास मिळत नाही. म्हणून पलीकडच्या तळ्यात बारके शाबूत राहिले. मी पाळलेत ते पिंपात. आई पिल्लांना तोंडात ठेवून फिरते, भाऊसाहेब. इतके दिवस उपाशी राहते, पण गिळत नाही."

"तळ्याचे नाव?"

"कान्याबोली. आणि त्याला मोठं करू नका हां! मागच्या अर्जात तुम्ही माझ्या पडवीचा बंगला केला होतात."

दोघेही हसलो. त्या संध्याकाळी घरी मी मुलीचा शाळेचा ॲटलस मागितला. तिने पानावर बोट फिरवले आणि इथल्या पोरांसारखा शेवटी "ला" लावत म्हणाली, "बाबा, नाहीये ला. टू स्मॉल."

ज्या तळ्याला नकाशाने जागा दिली नाही, त्याला माझ्या अर्जाने का द्यावी, असे मला वाटले. साहेब त्याला डबके समजेल आणि मिस्त्रीला डबक्यातला माणूस. दुसऱ्या दिवशी मी टाईप केले की अर्जदाराने महान व्हिक्टोरिया सरोवराच्या जलात राहणारे हे मासे आठ वर्षे अभ्यासले आहेत. अर्ज मिस्त्रीला मराठीत समजावून सांगताना मात्र त्या ओळीपाशी मी "कान्याबोली तळे" असेच म्हटले. म्हणजे मी काय करीत होतो, हे मला पुरते ठाऊक होते. त्याने समाधानाने सही केली.

मुलाखतीहून तो थेट माझ्याकडे आला आणि स्टुलावर बसून बराच वेळ खोकत राहिला.

"मालकाला माशांचं सगळं ठाऊक होतं," तो म्हणाला. "म्हणाला, त्या सरोवरात हा मासा उरलाच नाही, तू पाहिलास कुठं? मी म्हटलं, स्मॉल लेक, स्मॉल लेक. तर म्हणतो, आता बदलतोस? खोटारडा ठरवलं मला."

माझे हात टाईपरायटरवर होते. मी ते तेथेच ठेवले.

"माझ्या इंग्रजीनं घोळ केला," तो पुढे म्हणाला. "तुम्ही एवढं व्यवस्थित लिहून दिलंत आणि मी तोंड उघडून सगळं घालवलं. माफ करा, भाऊसाहेब."

त्या क्षणी खरे सांगणे शक्य होते. मी म्हणालो, "मुलाखतीत माणसाने मोजके बोलावे, मिस्त्री."

"हो," तो म्हणाला, "ते चुकलंच माझं."

तो गेल्यावर मी कोरा कागद चढवला. चूक अर्जदाराची नसून लेखनिकाची आहे, एवढे एक वाक्य त्या मालकाला पुरले असते. फार्म बसने तासाभराच्या अंतरावर होता. कागद स्वतः नेऊन देता आला असता. परंतु त्याखाली सही माझी करावी लागली असती, आणि ती गोष्ट गोदीत पसरायला एक आठवडाही लागला नसता. दुसरे गिऱ्हाईक आले तेव्हा त्याच कागदावर मी त्याच्या रजेचा अर्ज सुरू केला.

सोमवारी मिस्त्री पुन्हा टाकीत उतरला.