पोळी-भाजी केंद्राचा शिक्का

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला कॉलेजची स्टाफरूम आठवते. शेवटच्या वर्षाला दोन महिने कुठेतरी काम करून दाखला आणायचा होता, नाहीतर निकाल अडकणार होता. बाकीचे बँकेत नाहीतर सीएच्या ऑफिसात गेले. मी डोंबिवलीतल्या एका काकूंच्या पोळी-भाजी केंद्रात. सकाळी कणकेचा अंदाज, दुपारी भाजीवाल्यांशी घासाघीस, संध्याकाळी तव्यांच्या धगीत काउंटर. काकूंनी वहीच्या पानावर दाखला लिहून दिला. स्टाफरूममध्ये आमच्या सरांनी तो दोन बोटांत धरला. "लेटरहेड नाही, शिक्का नाही. आणि अगं, पोळ्या तर घरीही करतात. ह्याला अनुभव म्हणायचं?" त्याच संध्याकाळी सर रोजच्यासारखे काउंटरवर आले. "सहा पोळ्या दे गं." माझं डोकं तापलेलंच होतं. "घरी करतात ना, सर?" रांगेतली माणसं हसली, सर लाल झाले. काकूंनी मला मागे ढकललं, "गिऱ्हाईकाशी असं बोलतात होय?" आणि पोळ्या स्वतः बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळ केंद्राच्या नावाचा शिक्का करून घेतला आणि त्याच पानावर उमटवला. सरांनी मान वर न करता सही केली. आज ठाणे ते टिटवाळा माझी तीन स्वयंपाकघरं आहेत. गेल्या आठवड्यात त्याच कॉलेजातून दोन मुली पत्र घेऊन आल्या, कामाचा अनुभव हवा म्हणून. पत्रावर शिक्का नव्हता. मुलींना मी सोमवारपासून यायला सांगितलं. पत्र मात्र परत पाठवलं.