घाटाने खाल्लेले गिटारवाले

आमच्या ऑर्केस्ट्रातली माणसं आजही कुठे लग्नाकार्यात भेटली, तर गाण्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कोण कधी कसं घाबरलं, एवढंच निघतं. एकाने स्वतःची फजिती सांगितली की दुसऱ्याला त्याहून मोठी आठवते, आणि पुढची पंगत ताटकळत उभी राहते. धाडसाचे किस्से सांगून संपतात. भीतीच्या किश्श्यात मात्र ऐकणाराही भर घालतो! माझ्याकडे तर त्यांचा साठाच आहे, कारण त्या सगळ्यांत भित्री मीच.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. पेण-रोह्याच्या पट्ट्यात गणपतीत, पूजेला, जत्रेला कार्यक्रम करणारा आमचा छोटासा ऑर्केस्ट्रा. नाव सांगत नाही, कारण दर पोस्टरवर ते वेगळंच छापून यायचं. प्रमुख होता बबनदादा. मूळचा आमच्याच खाडीकाठच्या गावचा, पेणजवळचा. रोह्याला केमिकल कंपनीत लागला आणि वरसे गावात राहायला गेला. तो अकॉर्डियन वाजवायचा आणि उरलेल्या वेळात आमच्यावर ओरडायचा.

कार्यक्रमाच्या सुरुवातीसाठी दादाने स्वतः एक धून बांधली होती. पडदा उघडताना फक्त गिटार. सूर भराभर वर चढायचे, वळणं घ्यायचे आणि त्याच वेगाने खाली उतरायचे. म्हणून तिचं नाव ‘घाट’. बाकीचे वादक घाट उतरल्यावर येणार. म्हणजे चुकलं तर लपायला ढोलकीसुद्धा नाही!

मी येण्याआधी या घाटाने तीन गिटारवाले खाल्ले होते.

*

तिसरा जित्याचा रमेश. तालीम पेणला असायची आणि तो रेल्वेने यायचा. म्हणजे यायला निघायचा, पण पोचायचा नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर ठरलेलं, “दादा, गाडीत डोळा लागला. उठलो तं रोहा!”

“अरे, जिते ते पेण अंतर केवढं? एवढ्यात तुला झोप लागते?”

“थकलेलो असतो ना दादा.”

एकदा दादा पहिली पाळी करून पेणला तालमीला यायला रोहा स्टेशनवर उभा होता. पनवेलकडून गाडी आली. खिडकीत रमेश बसलेला, मांडीवर गिटार, डोळे टक्क उघडे! दादाला बघताच त्याने ते गच्च मिटून घेतले.

दादाने खिडकीवर थाप मारली, “रम्या, उतर!”

“झोपलोय दादा!”

*

रमेश गेला आणि दादा आमच्या घरी आला. मामाने भावासाठी आणलेली गिटार भावाने टाकली होती आणि मी धरली होती. रमेशकडूनच चार गोष्टी शिकले होते. दादा म्हणाला, “सुमनला द्या.” घाटाने खाल्लेले तिघंही मला माहीत होते. पण नको म्हणवेना. त्या घरात माझं स्वतःचं असं ती गिटार सोडून काही नव्हतं.

बाबा मिठागरावर काम करायचे. विषारी फुरसं काठीने उचलून बांधापलीकडे टाकणारा माणूस. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की बाकीचे हाका मारत उभे राहायचे आणि बाबा छातीभर पाण्यात उतरलेले असायचे. भीती म्हणून जे असतं, ते त्यांना देताना देव विसरला आणि मग त्यांचा वाटा मला देऊन टाकला, असं आई म्हणायची.

बाबा म्हणाले, “बारक्या गावांत वाजव. पन रोह्याचा कार्यक्रम मोठा. तो मी सोता येऊन ऐकनार. पटला तर पुढं वाजव. नाय पटला तर गिटार खुंटीला.”

दादानेही जाता जाता आपली पाचर मारून ठेवली. बारक्या गावांत घाट नको, तो रोह्यालाच. “आणि तिथं चुकलीस तर पनवेलचा माणूस तयार हाय.”

हा पनवेलचा माणूस मी पाहिलाही नव्हता, पण तो माझ्या स्वप्नात नेमाने यायचा.

*

आता घाट वाजवायचा कसा, यावर ऑर्केस्ट्रात दोन पक्ष पडले. दादाचा पक्ष पिकचा. पिक म्हणजे तार छेडायचा प्लास्टिकचा तिकोनी तुकडा. एकदा खाली, एकदा वर, एकदा खाली, एकदा वर, असा हात चालवायचा, तरच वेग येतो. माझा हात खाली जाताना बरा जायचा. वर येताना पिक तारेत अडकायचं आणि सुटायचं. मला भीती वाटली की तळहाताला घाम सुटतो, आणि घामात प्लास्टिक टिकतं होय?

सुटलेलं पिक जायचं नेमकं गिटारच्या भोकात. मग गिटार डोक्यावर उलटी धरून गदागदा हलवायची. आई भाकऱ्या थापता थापता बघायची. एकदा न राहवून म्हणाली, “काय गो, भूत काढतेस काय त्यातलं?”

पेणमध्ये तेव्हा गिटारचं पिक मिळेना. मी साबणाच्या डबीचं झाकण कापून पिकं केली. मग घरातल्या कंगव्याची मूठ गेली. मग भावाची पट्टी. घरातली प्लास्टिकची वस्तू माझ्या नजरेला पडली की आई पदराखाली घ्यायची.

दुसरा पक्ष ढोलकीवाल्या नानांचा. “पोरी, बोटांनी वाजव. बोटं काय भोकात पडत नाय.” बोलणं पटण्यासारखं होतं. पण बोटांनी वाजवायचं तर नखं वाढवायला हवीत. मी वाढवली. चौथ्या दिवशी आईच्या लक्षात आलं. तिने तांदळाच्या पिठाची परात पुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाली, “भाकरीत नख सापडला ना, तर गिटार चुलीत.”

नखं त्याच संध्याकाळी गेली.

*

मग निडीचा कार्यक्रम. बारकं गाव, बारका मांडव, म्हणजे घाट नाही. मी जरा निर्धास्त होते आणि तिथेच चुकले. साउंडवाल्याने वायर कुठून आणली होती देव जाणे! दुसऱ्याच गाण्यात गिटारच्या तारा माईकच्या लोखंडी स्टँडला टेकल्या आणि असा सणका बसला, की माझ्या तोंडून गाण्यात नसलेला सूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाना लाकडी पाटावर बसून ढोलकी वाजवत होते. मला म्हणाले, “म्हनून तर मी पाट सोडत नाय.” त्या दिवसापासून मीसुद्धा आईचा पाट घेऊन जाऊ लागले आणि त्यावर उभी राहून वाजवू लागले.

शिवाय मी मनाशी पक्कं ठरवलं. आता पिकच! उघड्या बोटांनी तारेला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. साउंडवाल्याला ऐटीत सांगितलं, “प्लास्टिकमधून करंट येत नाही.”

तो वायर गुंडाळत म्हणाला, “व्हय. आनि तारा दाबता तो डावा हात कोनाचा हाय?”

*

रोह्याचा कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा दादाने तालीम वरसेच्या स्वतःच्या घरी ठेवली. दुपारची वेळ. मी पिकाने घाट तिसऱ्यांदा चुकले होते आणि दादा ओरडायला तोंड उघडत होता. इतक्यात कंपनीचा भोंगा वाजायला लागला.

हा भोंगा हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. गॅस सुटला तर तो वाजणार, हे तिथे लहान पोरालाही माहीत होतं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी आमच्यावर गरजणारा माणूस कुजबुजला, “खिडक्या लावा. टॉवेल भिजवा. नाकातोंडाला लावा.” वहिनींनी घरातले सगळे पंचे बादलीत बुडवले. आम्ही भिंतीला पाठ लावून, तोंडाला ओले फडके धरून ओळीने बसलो. नाना डोळे मिटून काही पुटपुटत होते. मी गिटार पोटाशी धरली होती आणि आईला परत बघेन की नाही, एवढंच डोक्यात होतं. खरंच सांगते, तशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

बराच वेळ गेला. बाहेरून शेजाऱ्यांच्या पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. शेवटी वहिनींनी फडक्यातूनच विचारलं, “अहो, आज वार कुठला?”

“रविवार. सुट्टी नाय का माझी?”

“सुट्टी बदलून मिळाली ना तुम्हाला? आज गुरुवार.”

दर गुरुवारी दुपारी कंपनी भोंगा तपासून बघायची. दादा त्या वेळी नेहमी कामावर असायचा आणि ज्या दिवशी घरी असेल तो त्याच्या डोक्यात रविवार!

कोणी हसलं नाही. हसायचं त्राणच नव्हतं. दादाने तोंडावरचं फडकं काढलं, घसा साफ केला आणि म्हणाला, “चला. घाट घ्या.”

माझे हात ओलेच होते. पिक कुठे पडलं होतं, त्याचं भान नव्हतं. नुसत्या बोटांनी, नखांशिवाय, मी घाट चढले आणि उतरलेसुद्धा. एकही सूर सुटला नाही.

दादा म्हणाला, “आता रोह्याला काय गॅस सोडायचा काय?”

*

रोह्याचा दिवस उजाडला. तरी माझं ठरलं नव्हतं. बोटांनी वाजवलं तर मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल की नाही, ही दादाची भीती. पिकाने वाजवलं तर पिक सुटेल, ही माझी. शेवटी दादाने मुंबईहून खरं पिक मागवून माझ्या हातात ठेवलं आणि मी मान डोलावली.

पडद्याच्या कडेला एक सफारीवाला माणूस मांडीवर गिटार घेऊन बसला होता. तोच तो पनवेलचा! स्वप्नातल्यापेक्षा बुटका होता, पण त्याची बोटं हवेत घाट वाजवत होती. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. बाबा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, ताठ बसले होते. आज चुकले तर गिटार खुंटीला, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं आणि बाबा बोललेलं बदलत नाहीत. मी पाटावर चढले.

पडदा हलला. मी पिक घट्ट धरलं. इतकं घट्ट, की ते बोटांतून सटकलं आणि टप्पकन भोकात गेलं.

सवयीने मी गिटार उलटी केली आणि हलवायला लागले. तेवढ्यात पडदा पुरा उघडला! रोहेकरांना दिसली ती पाटावर उभी राहून डोक्यावर गिटार हलवणारी मुलगी. मागून कोणीतरी ओरडलं, “नवरा कुठाय गो?” सगळा मांडव हसला.

कडेला पनवेलचा माणूस उठून उभा राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. मी गिटार सरळ केली. हातात काहीच नव्हतं, म्हणून बोटांनीच सुरुवात केली.

घाट पुरा झाला. मधे एक वळण जरा चुकलं, पण दरीत गेले नाही. बाकीचे वादक आले, ढोलकी घुमली, टाळ्या पडल्या. पनवेलचा माणूस कधी निघून गेला ते मला कळलंही नाही. कार्यक्रम संपल्यावर दादा जवळ आला. मला वाटलं शाबासकी देतोय. तो म्हणाला, “घाटात खुळखुळा कोण वाजवत होता?”

मी गिटार हलवून दाखवली. पिक आतच होतं.

घरी येताना बाबांना विचारायची माझी हिंमत कुठली!

सकाळी आईने चहा पुढे केला आणि विचारलं, “मग? कसा वाजवलान हिनं?”

बाबांनी चहा बशीत ओतला. “काय म्हाईत. पोर ती गिटार डोक्यावर हलवाय लागली, तवा मी डोळं मिटलं.”

“अवो, डोळं मिटलं तरी ऐकू येतंच की!”

“कानावर पन हात हुते.”

आईने विचारलं, “मग गिटार खुंटीला का कसं?”

“ऐकल्याबिगर कसा सांगू? पुढल्या कार्यक्रमाला येतो.”

पुढे नागोठण्याला झाला, पेणला झाला, निडीला पुन्हा झाला. बाबा प्रत्येक कार्यक्रमाला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या रांगेत. आणि दर वेळी सकाळी चहा पुढे करताना आई विचारायची, “ऐकला का आता तरी?”

“नाय गो. पुढल्याला.”