निळा दोरा

मेकॅनिकच्या समोर स्टूल टाकून बसायची सवय मला बाबांकडून आली. त्यांच्या दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे. मोकळ्या रस्त्यावर बटण दाबलं, की तेलाच्या दाबावर वरचा गिअर पडतो आणि गाडी सुसाट सुटते. बाबांच्या हयातीतच ओव्हरड्राइव्ह बंद पडला. हे लोक चांगले पार्ट काढून घेतात, असं म्हणत त्यांनी एकेक गॅरेज सोडलं.

काल सलीमभाईंनी तो पुरता खोलला. पिस्टन धुतले, सील आणि स्प्रिंगा नव्या घातल्या. माझी नजर त्यांच्या हातांवरच होती. संशयही तेलासारखाच, कुठून झिरपतो ते दिसत नाही, खाली डाग तेवढा दिसतो.

सगळं जोडून बटण दाबलं, तर काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, बाबा उगाच बोलत नव्हते.

सलीमभाई डॅशबोर्डखाली आडवे झाले. "बटणाची वायर कापलीय," ते आतूनच म्हणाले. "टोकांना दोरा गुंडाळलाय. आमच्यातला कुणी असता तर टेप लावली असती."

दोरा निळा होता, शिलाईचा. शेवटी बारीक, नेटकी गाठ.

घरी आलो तेव्हा आई मशीनवर काहीतरी शिवत होती. गाडी झाली, एवढंच मी म्हणालो. ओव्हरड्राइव्हचं नावही काढलं नाही.

मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे आता तूही तशीच पळवणार."