मिठाच्या गोदामातला एकांत

खरी कलाकृती एकांतातच जन्माला येते, आणि तो एकांत कलावंताने स्वतः होऊन पत्करलेला असावा लागतो. हे वाक्य माझ्याविषयी आहे आणि जाड पुठ्ठ्यावर छापलेलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी एकट्याने केलेला रॉकचा अल्बम पुण्याच्या काही हौशी मंडळींनी यंदा तबकडीवर पुन्हा काढला. पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याच्या शंभरएक सीड्या आम्ही घरीच काढल्या होत्या. आता तबकडीच्या पाकिटावर लिहिलंय की, कलावंताने उरणजवळच्या मिठाच्या एका गोदामात स्वतःला कोंडून घेतलं होतं.

कोंडलेलो होतो हे खरं. पण कोंडलं होतं गोदामाच्या चौकीदार काकांनी.

मुळात आमचा चौघांचा बँड होता. गोदाम ड्रम वाजवणाऱ्या मित्राच्या चुलत्याचं. भिंती जाड, म्हणून रेकॉर्डिंगसाठी मागून घेतलेलं. त्या दिवशी दुपारी मित्राला शेजारच्या गावातून हळदीत वाजवायचं बोलावणं आलं, बेंजो पार्टीत माणूस कमी पडत होता. आमच्याकडे लग्नाला नाही गेलात तर चालतं, हळदीला नाही गेलात तर नातवंडांना ऐकवतात. उरलेले दोघेही मटणाच्या ओढीने त्याच्यामागे गेले. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, एवढी गिटार रेकॉर्ड करतो नि येतो.

गिटारची वायर थेट यंत्रात, कानांवर हेडफोन. बाहेर माशी शिंकल्याइतकाही आवाज नाही. काकाही हळदीलाच निघाले होते. गोदाम शांत बघून त्यांनी कुलूप घातलं. आत डोकावावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. गावात हळद असताना धडधाकट माणूस गोदामात कशाला बसेल?

मला कळलं तेव्हा तासभर झाला असावा. वर तापलेला पत्रा, तीन बाजूंना मिठाचे ढीग, आणि पाण्याची बाटली मित्र घेऊन गेलेला. हाका मारल्या. लांबून त्याच बेंजोचा आवाज येत होता, त्यापुढे माझी हाक कोण ऐकणार? घशात मीठ, डोळ्यांत मीठ. इकडून तिकडे अकरा पावलं, पुन्हा अकरा. वीज मात्र होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी सगळी गाणी एकामागून एक गाऊन टाकली. शेवटच्या गाण्यापर्यंत धीर संपला आणि मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो. यंत्र चालूच होतं.

दिवेलागणीला काका आले. मला बघून त्यांनी हात जोडले. म्हणाले, "बाला, शेठला सांगू नको. नोकरी जाईल माजी."

मी नाही सांगितलं. इथवर माझी बाजू बरी आहे. पुढे त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगचीच सीडी निघाली, त्या आवाजात कुणाला तरी एकांत सापडला, एका मासिकात तसं छापून आलं, आणि मला ते आवडलं. मग काकांचं गुपित आणि माझा मोठेपणा एकाच दारामागे राहिले. मित्राने सीडी ऐकून एवढंच विचारलं, "शेवटच्या गान्यात ढोल कोनी वाजवलाय?" मी म्हणालो, "कोणी नाही." उत्तर खरं होतं. त्यानंतर तो माझ्याशी लग्नकार्यात बोलावं तितकंच बोलला.

काका तीन वर्षांपूर्वी गेले. तबकडी आली तशी मी ती घेऊन मित्राकडे निघालो. मधल्या काळात पाकिटावरच्या त्या कलावंताला मी इतकं सांभाळलं होतं की मुलाखतींतही मिठावर गंभीरपणे बोलायचो. त्यातून सुटायचं तर खरं सांगायला हा एकच माणूस होता.

मित्राचे आता ट्रेलर आहेत, बंदराच्या रस्त्याला ऑफिस आहे. त्याने पाकीट उलटसुलट केलं, एकांताचं वाक्य मोठ्याने वाचलं.

"मोठा मानूस झालास. आता तरी सांग, कोनाला आनला होता ढोलावर? पनवेलचा तो ढोलवाला?"

मी सगळं सांगितलं. काका, कुलूप, मुठी. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं.

"एवडी वर्षं मी त्या पनवेलवाल्याला शिव्या घालतोय."

"नव्हताच कोणी."

"ताल चुकलाय म्हनून घालत होतो." त्याने चहा सांगितला. दोन. मग कपाळाला हात लावला. "आरं येड्या, पन बडवत कशाला बसलास? मिठाच्या गोदामाचं दार ते! बिजागऱ्या मिठानं खाल्लेल्या. खांदा लावायचास नुसता."

मी म्हणालो, मला काय माहीत.

त्यानेच मग सांगितलं. त्याच दिवाळीत चुलत्याची बकरी पाठ खाजवायला त्या दाराला टेकली आणि दार कुलपासकट आत पडलं. बकरीला काही झालं नाही.