शिंपल्यांना पिल्लं का नाहीत?

ओढे आणि तलाव सांभाळणाऱ्या त्या सरकारी विभागात सगळे तिला ‘कशावरूनबाई’ म्हणायचे. आज चहा पातळ झालाय, एवढं कुणी म्हणालं तरी ती मान वर करून विचारायची, “कशावरून?” त्यात खोच नसायची. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं.

गावामधून वाहणाऱ्या ओढ्यात तळहाताएवढे काळे शिंपले होते. दिवसभर ते पाणी आत घ्यायचे आणि गाळून बाहेर सोडायचे. एका पाहणीत तिने त्यांच्या कवचावरची, वर्षागणिक वाढत जाणारी वलयं मोजली आणि ती चक्रावलीच. सगळे म्हातारे! काही तर वयाने तिच्याहून मोठे. पिल्लू मात्र औषधालाही नाही.

“सोपं आहे,” विभागाचे साहेब म्हणाले. “हौद बांधू, पिल्लं वाढवू, ओढ्यात सोडू.”

“पण ती जगतील का?”

“का नाही जगणार?”

“इथली का जगली नाहीत ते कळलं, तरच सांगता येईल, साहेब.”

साहेब भला माणूस. त्यांनी हात टेकले. “बरं बाई, शोधा. हौद काही पळून जात नाही.”

दुसरीकडे अशी पिल्लं सोडली तेव्हा काय झालं, याचे अहवाल तिने मागवून वाचले. काही ठिकाणी ती जगली होती, काही ठिकाणी झाडून सगळी मेली होती. शिंपल्याचं पिल्लू सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतं. मग खाली पडतं आणि काही वर्षं खड्यांमध्ये स्वतःला पुरून घेऊन वाढतं. म्हणजे एक तर मासे कमी झाले असणार, नाहीतर खड्यांत काहीतरी बिघडलं असणार.

तिचा संशय माशांवर होता. खालच्या बंधाऱ्याने त्यांची वाट अडली असणार, याची तिला इतकी खात्री होती की माशांना चढायला पायऱ्या कशा करायच्या याचं चित्रही तिने काढून ठेवलं होतं. मग जाळं टाकून मासे पकडले आणि भिंगाखाली धरले. कल्ल्यांवर पांढरे ठिपकेच ठिपके! मासे होते, पिल्लंही होती. तिचा तर्क साफ आडवा झाला.

त्या दिवशी ती हसतच घरी आली.

“अगं, चुकलीस म्हणून एवढी खूश?” नवऱ्याने विचारलं.

“अरे, पायऱ्या बांधून झाल्यावर कळलं असतं म्हणजे?”

मग तिने एका संशोधन केंद्रातून पिल्लं आणली आणि खडे भरलेल्या जाळीच्या डब्यांत घालून ओढ्यात जागोजागी पुरली. गावाच्या वर, जिथे काठावर उंच गवत होतं, तिथली बहुतेक जगली. गावात मात्र काठावरचं गवत पाण्यापर्यंत कापून गुळगुळीत ठेवलेलं, त्यामुळे पावसात माती थेट ओढ्यात यायची. तिथल्या डब्यांत मऊ गाळ गच्च बसला होता आणि पिल्लं गुदमरून मेली होती.

“सापडलं तर!” साहेब म्हणाले.

“अर्धंच. गावातलं पाणीच वाईट असेल तर? गावातच काही पट्ट्यांत गवत वाढू द्या आणि शेजारचे पट्टे कापत राहा. मग दोन्हींकडे पाणी एकच राहील, फरक फक्त गवताचा.”

गवत गुडघ्यापर्यंत आलं आणि तक्रारअर्ज आला. पहिली सही तिच्या सासऱ्यांची! ते रोज सकाळी काठाने फिरायला जायचे.

“सूनबाई, काठाची पार रया गेली,” जेवताना ते म्हणाले. “उद्या साप निघतील.”

“निघाले का, बाबा?”

“अजून तरी नाही.”

“मग तुम्हीच लक्ष ठेवा ना. कापलेल्या बाजूला काय दिसतं, न कापलेल्या बाजूला काय दिसतं. साप दिसले तर मी स्वतः साहेबांना सांगेन.”

बाबांनी ते मनावर घेतलं. रोज जेवताना बातम्या येऊ लागल्या. साप नाही, पण बेडूक उदंड. आज गवतावर निळा चतुर बसला होता. तक्रार त्यांनी मागे घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तिने तळातले खडे चाळले. गवताच्या एका पट्ट्यात बोटाच्या नखाएवढे शिंपले निघाले, ओढ्यात आपणहून जन्मलेले. ते ओल्या तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. कापलेल्या पट्ट्यांत एकही नव्हता. पण गवताच्या दुसऱ्या पट्ट्यातही एकही नव्हता, आणि तसं का, ते कुणालाच सांगता येईना. साहेबांना तिने आधी तेच सांगितलं.

“हे सांगितलंच पाहिजे का?” साहेब म्हणाले.

“नाही सांगितलं तर आपण सगळीकडे नुसतं गवत वाढवू आणि निवांत बसू.”

हौदाचा विचार बाजूला पडला. चालणाऱ्यांपुरती वाट सोडून पाण्याकाठचं गवत राखायचं ठरलं. तो न फळलेला पट्टा तपासायचं काम तिच्याकडेच आलं. एका सकाळी ती तिथे गुडघाभर पाण्यात वाकून खडे उपसत होती. वरून बाबांची हाक आली, “सापडलं का काही?”

“अजून नाही, बाबा!”

“मग तोवर एवढा तरी पट्टा कापायला सांग की!”