सतरावा दगड

"जाऊबाई, आज मी सांगून टाकणार."

"काय?"

"सतराव्याचं."

तिकिटाच्या खिडकीमागे बसलेल्या थोरल्या जावेने हातातला शिक्का खाली ठेवला. स्टोव्हवरचा चहा दोन कपांत ओतला. एक कप खिडकीतून बाहेर सरकवला. "आधी हा पी. रिकाम्या पोटी माणसाला असले सत्यवादी विचार सुचतात."

"पोट भरलेलं आहे माझं."

"मग डोकं रिकामं असेल. अगं, बारा वर्षं झाली. झाकलेली मूठ आहे, झाकलेली राहू दे. ती बाई राजधानीतून येणार, फीत लावणार, कागद भरणार, जाणार. तू तिच्या मागे काठ्या धरून हिंडायचं आणि तोंडाला कुलूप."

"आणि संध्याकाळी तिने शेवटचा मैल यादीतून उडवला की?"

थोरलीने कपातली साय बोटाने काढून भिंतीला पुसली.

ही जी बाहेर उभी आहे, तिला सगळे वाटवाली म्हणतात. साहेब लोकसुद्धा. हजेरीपटावर तिचं नाव असेल ते असो. फाटकावर येऊन त्या नावाने चौकशी केलीत तर "असं इथे कोणी नाही" म्हणून परत पाठवतील. उंचीने बेताची, मनगटं मात्र गड्याची. डाव्या हाताचं मधलं बोट पहारीखाली सापडून वाकडं झालेलं. त्याच बोटाने ती दगड तपासते. ती म्हणते, वाकड्या बोटाला जास्त कळतं.

राज्यात केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत मोजून नऊ जागा. चार जंगलं, दोन जुनी ठाणी, एक लढाईचं मैदान आणि दोन पायवाटा. त्यातली एक ही टपालवाट. मोटारी नव्हत्या तेव्हा पाठीवर थैली बांधून हरकारे पळत ती ही. सतरा मैलांची. प्रत्येक मैलाला एक घडीव दगड, त्यावर इंग्रजी आकडा. सोळा दगड जागेवर आहेत. त्या प्रत्येकाशेजारी एक पाटी आहे: "हा दगड हलवणे कायद्याने गुन्हा आहे." सोळाही पाट्या वाटवालीने स्वतःच्या हाताने ठोकल्या आहेत. सतरावा दगड मिळत नाही. तो कुठे आहे हे जगात दोघींनाच ठाऊक, आणि त्या दोघी त्या सकाळी सोळाव्या दगडाजवळच्या फाटकावर, तिकिटाच्या खिडकीच्या आतबाहेर चहा पीत होत्या.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी वाट कुठल्याच यादीत नव्हती. जंगलखातं रोजाने बायका लावून ती दुरुस्त करून घ्यायचं. दोन्ही जावा एकाच दिवशी कामाला लागल्या. दोघींचे नवरे एकाच गिरणीत आणि गिरणी एकाच दिवशी बंद झालेली. मुकादम म्हातारा होता, कजाग होता, पण हातात विद्या होती. वाटेला मारतं ते पाणी, असं तो सांगायचा. माणसांनी वाट झिजते, पाण्याने मरते. म्हणून चढावर दर दहा-बारा पावलांनी वाटेत तिरका दगड पुरायचा. दोन हिस्से जमिनीत, एक वर. वरून आलेलं पाणी त्याला अडून बाजूला जातं. त्याला आडदगड म्हणायचं. आणि पुरताना एकच गोष्ट विसरायची नाही: दगडाची गुळगुळीत बाजू चढाकडे. "चेहरा पाण्याकडे!" म्हातारा दिवसातून दहादा ओरडायचा. "खडबडीत बाजू पाण्याकडे केलीस तर तिथे माती अडेल, पाला अडेल, आणि पाणी तुझ्या आडदगडाच्या डोक्यावरून उडी मारून जाईल. सासूकडे पाठ केलीस तर चालेल, पाण्याकडे नाही."

दोन वर्षांनी मुकादम डोळ्याच्या ऑपरेशनला गेला आणि नेमका तेव्हाच खिंडीखालचा चढ खचायला लागला. चार दिवसांत निम्मी वाट ओघळून जाणार. चांगला आडदगड मिळेना. एक दगड मात्र होता, चाळीस पावलं वर, वाटेच्या कडेला कलंडलेला, शेवाळाने माखलेला. एक बाजू अशी सपाट की वर पोळपाट ठेवावा. वाटवालीने वाकडं बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. एक उभी रेघ, एक वाकडी.

"आकडाबिकडा आहे वाटतं," ती म्हणाली होती.

"असेना," थोरली म्हणाली होती, "पाण्याला वाचता येतं का?"

दोघींनी पहारी लावल्या, ओंडक्यांवरून तो खाली घरंगळवला आणि पुरला. चेहरा पाण्याकडे. शिकवल्याप्रमाणे. आकडा जमिनीत गेलेल्या दोन हिश्श्यांत होता, तो मातीखाली दिसेनासा झाला. मुकादम डोळ्याला पट्टी बांधून परत आला, त्याने आडदगडावर पाय आपटून पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "जमलं."

मग वाट यादीत आली. शहाणी माणसं जुनी दप्तरं घेऊन मैल मोजत वर चढली आणि सतरावा मिळेना म्हणून खिंडीखालच्या चढावर उभी राहिली. वाटवाली त्यांच्या मोजणीच्या काठ्या धरून उभी होती. "चोरीला गेला असेल," एक म्हणाला. "दरीत गेला असेल," दुसरा म्हणाला. तेव्हा तिने खाली पाहिलं, तर तिचा पाय त्याच आडदगडावर. कळसा काखेत नव्हता, टाचेखाली होता. तिला नुकतीच कायमची नोकरी लागली होती. ती गप्प राहिली. थोरलीचा गुडघा गेला आणि तिला तिकिटाची खिडकी मिळाली, तीही गप्प राहिली. मुकादम मेला. कदाचित त्यालाही ठाऊक असेल. म्हातारा आंधळा नव्हता, फक्त एका डोळ्याने अधू होता.

"आयुष्यात मैलाचा दगड गाठतात लोक," थोरली कधीकधी म्हणायची. "आपण गाठून पुरला."

हसून घालवत आलेलं प्रकरण या वर्षी अंगावर आलं. खिंडीतून मोटाररस्ता न्यायचा घाट घातला गेला. रस्तेवाल्यांनी कुठून तरी कागद काढला की हरकारे सोळाव्या मैलानंतर खिंडीने जातच नव्हते, खालच्या ओढ्याने जात. खिंडीची वाट म्हणे गुराख्यांची. शेवटचा दगड दाखवा, नाहीतर शेवटचा मैल यादीतून काढा. त्या मैलात वाटवालीचे एकशे चौऱ्याऐंशी आडदगड होते. सगळा जन्म म्हणा ना.

तपासणीवाल्या बाई नऊ वाजता आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधलेल्या. चढाला दम लागत नव्हता आणि बोलणं मोजकं. सोळाव्या दगडापाशी त्यांनी यंत्र लावलं, आकडे टिपले, मग वर खिंडीकडे पाहिलं.

"इथपर्यंत पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "पुढे वाट सुंदर आहे, पण सुंदर असणं हा पुरावा नाही. मला वाईट वाटतं."

"मॅडम, वर चला."

"मी नकाशा पाहिलाय."

"नकाशा कागदावर असतो. चला, एक मैल तर आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग निघाल्या. वाटवाली पुढे, खांद्यावर पहार आणि कुदळ. वाटेत तिने एकही शब्द काढला नाही. एरवी ती पाहुण्यांना पानागणिक, पाखरागणिक माहिती देत चालते. आज नुसती आडदगडांवरून पाय टाकत गेली, एखाद्याच्या घरातून शेवटचं निघावं तशी. खिंडीखालच्या चढावर थांबली, पहार जमिनीत रोवली.

"हा काय?" बाई म्हणाल्या.

"हा सतरावा."

"हा तर..." बाईंनी योग्य शब्द शोधला. "पाणी काढायचा दगड आहे."

"तोच. मी पुरलाय. बारा वर्षांपूर्वी."

कुदळ चालायला लागली. बाई काही वेळ उभ्या राहिल्या, मग पिशवी खाली ठेवून हातांनी माती उपसू लागल्या. नखं भरली तरी थांबल्या नाहीत, हे वाटवालीने पाहून ठेवलं. हातभर खाली गेल्यावर तिने पाण्याची बाटली दगडाच्या तोंडावर रिकामी केली. चिखल ओघळला. एक उभी रेघ, एक वाकडी. सतरा. छन्नीचा घाव अजून धारदार. बाकीचे सोळा दगड उन्हावाऱ्याने बोथट झालेत. हा मातीत झोपून ताजा राहिला होता.

बाईंनी आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दगड मिळाला, पण जागा गेली. तो कुठूनही आणलेला असू शकतो. ओढ्यातूनसुद्धा."

"ओढ्यातून? हा? वर चला, चाळीस पावलं."

चाळीस पावलं वर वाटवालीने गवत खुरपलं. खाली खळगा होता आणि खळग्याच्या कडेने घट्ट बसवलेले पाचरीचे दगड, गोलात. दाढ काढली तरी हिरडी जागा सोडत नाही, तसं. दगड उपटताना यातले दोन मी तोडले, तिने दाखवलं, हे बघा, हे ताजे तुटलेत. म्हणजे बारा वर्षांचे ताजे.

बाईंनी यंत्र लावलं. सोळाव्यापासून मोजलं. पुन्हा मोजलं. बरोबर एक मैल, त्याच्यावर दीड हात.

"तो दीड हात हरकाऱ्यांचा," वाटवाली म्हणाली. "त्यांना माफ करा."

बाई हसल्या नाहीत, पण ओठ दाबावे लागले. त्यांनी वही काढली. "हे लेखी द्यावं लागेल. कुठून काढला, कधी, कोणी. तुमच्या जबानीशिवाय हा खळगा नुसता खळगा आहे. पण एकदा लिहिलंत की ते खोडता येणार नाही. खात्याकडे जाईल. तुमच्या नोकरीचं पुढे काय होईल, ते माझ्या हातात नाही."

"ठाऊक आहे. पाट्या मीच ठोकल्यात, वाचता येतात मला. लिहा."

"'मी...'"

"मी एकटीने काढला."

बाईंनी लेखणी उचलली. "एकटीने? हा दगड?"

"तेव्हा अंगात रग होती."

"एकटीने काढते!" खालच्या वळणावरून आवाज आला. थोरली जाऊ काठी टेकत, दर दहा पावलांना गुडघ्याला शिव्या घालत चढत होती. "घागर उचलताना हिला कळ यायची आणि म्हणे एकटीने! मागून पहार कोणी लावली होती, तुझ्या आजेसासूने?"

वाटवाली चिडली. "खिडकी सोडून कशाला आलात?"

"'जेवणाची सुट्टी' लावून आले."

"सकाळी साडेदहाला?"

"भूक काय घड्याळ बघून लागते?" थोरली खळग्याच्या काठावर धापकन बसली. "लिहा हो बाई. 'मी' खोडा, 'आम्ही' लिहा. आणि हेही लिहा की आकडा आहे असं ही म्हणाली होती आणि असेना असं मी म्हणाले होते. उगाच हिलाच सगळं श्रेय कशाला?"

"जाऊबाई, तुमचं निवृत्तीला एक वर्ष..."

"गप. थोरली मी आहे."

बाईंनी "मी" खोडलं आणि त्यावर "आम्ही" लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. थोरलीने सही केली आणि वर सवयीने तारखेचा शिक्का मारायला हात पुढे केला. शिक्का खाली राहिला होता. मग चाळीस पावलं उतरून तिघींनी पहारीने सतरावा उपसला आणि कडेला कलंडवून ठेवला; खळग्यात तो खात्याची माणसं बसवतील.

"शेवटचा मैल यादीत राहील," बाई म्हणाल्या. "तसं मी आजच लिहून पाठवते. तुमच्याबद्दल जे खरं तेच लिहीन. ते चांगलं की वाईट, वाचणारा ठरवेल. खाली चला, उरलेले कागद कार्यालयात करू."

वाटवालीने चढाकडे पाहिलं. खिंडीवर ढग जमले होते. जिथे दगड उपसला तिथे वाटेत दाढ पडल्यासारखं भगदाड.

"तुम्ही व्हा पुढे. जाऊबाईंना हात द्या उतरताना, त्या शिव्या देतील, मनावर घेऊ नका. मी हे बुजवून येते."

"नोकरी राहील की नाही याचा पत्ता नाही आणि ही भोकं बुजवते," थोरली म्हणाली.

"पाण्याला पत्ता विचारून यायची सवय नाही."

दोघी उतरायला लागल्या. वाटवालीने पहार उचलली आणि दगड शोधायला कडेच्या घळीत उतरली. पहिला ठिसूळ निघाला. दुसरा लहान. तिसरा मनासारखा, लांबट, एक बाजू सपाट. तिने तो उचलायच्या आधी चारही बाजूंनी उलटवून पाहिला, शेवाळ खरवडलं, वाकडं बोट सावकाश फिरवलं. वर, खाली, कडेने. मग पुन्हा एकदा.

काही लागलं नाही. तिने पहार खाली घातली, जोर दिला आणि दगड वाटेकडे घरंगळवत निघाली.