डावीकडे फिका पडणारा निळा

मनोरमा गुरव गुहागरकडची. लग्न होऊन भाईंदरला आली ती लग्नपत्रिकांना गोंडे लावायच्या कामाला लागली, आणि गोंडे लावता लावता छपाई शिकली. छापखान्याचे मालक गुणवंतभाई यांनी डिजिटल मशीन घेतलं तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याच हाताखाली सरळ चाललं. चिमटीत कागद धरला की ती त्याची जाडी सांगायची.

छापखाना भाईंदर पश्चिमेला, ‘दीपसागर’ नावाच्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर होता. वर एकोणीस बिऱ्हाडं. शेजारच्या प्लॉटवर टॉवरसाठी खोल खड्डा खणला होता आणि त्यातलं पाणी पंप लावून दिवसभर उपसत होते. हा सगळा भाग मूळचा मिठागराचा, भरणी करून केलेला.

२००७ च्या जानेवारीत एका क्लासच्या माहितीपुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. सबंध निळं. मनोरमाने छापलं तर उजवीकडे निळा गच्च आणि डावीकडे उतरत गेलेला, धुतल्यासारखा. कागद सर्द झाला असेल म्हणून तिने नवा गठ्ठा फोडला. तेच. मशीनमधल्या तारा पुसल्या, कागदावर रंग उतरवणारा ड्रम बदलला. तरीही तेच.

कंपनीचा इंजिनीअर निकेत आला. त्याने चारही रंग एकेक करून सबंध पानभर छापले. चारही डावीकडे फिके.

“ताई, चार ड्रम एकाच दिवशी, एकाच बाजूला कसे बिघडतील?” असं म्हणत त्याने गवंडी वापरतात तसली लेव्हल मशीनवर ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. “मशीन कललंय. आतली रंगाची पावडर एका बाजूला सरकतेय.”

त्याने खालचे पाय फिरवून मशीन सरळ केलं. निळा एकसारखा उतरला.

सोळा दिवसांनी डावी बाजू पुन्हा फिकी पडली. निकेतने पुन्हा पाय फिरवले. त्यानंतर नऊच दिवसांनी तिसऱ्यांदा. या खेपेला मनोरमाने त्याच्या हातातली लेव्हल घेतली आणि मशीनवर न ठेवता लादीवर ठेवली. मग भिंतीकडे, मग दाराशी. बुडबुडा सगळीकडे त्याच कडेला.

“निकेत, मशीनचा दोष नाही रे. जमीन बसतेय.”

“हे माझ्या कामातलं नाही, ताई,” एवढंच बोलून त्याने बॅग भरली.

गुणवंतभाईंनी ऐकलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. “मनोरमाबेन, गाळ्याला गिऱ्हाईक आलंय. पुढच्या हप्त्यात मशीन मीरा रोडला नेतोय. तुमचं काम चालूच राहील. फक्त वर कोणाला बोलू नका. उगाच लोक घाबरतील.”

म्हणजे यांना आधीच ठाऊक होतं. मनोरमा डावीकडे फिके उतरलेले तिन्ही कागद घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी महिपत आणि त्यांची बायको शेवंती राहायचे. तिने त्यांच्यासमोर कागद तारखेप्रमाणे मांडले.

महिपत हसले. “बाई, मशीन तुमचं बिघडलं आणि दोष इमारतीला?”

शेवंती मात्र तिसऱ्या कागदावरून नजर काढेना. “अहो, आतल्या खोलीचं दार पंधरा दिवस लागत नाहीये. लाकूड फुगलंय म्हणालात तुम्ही.” ती थांबली. “फेब्रुवारीत कसं फुगेल?”

महिपतांचं हसू तिथेच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारती तपासणारा माणूस आणला. मागच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, तो एका खांबापाशी वाकला. खांबाच्या भेगेत त्याचं बोट पेरभर आत गेलं. बाहेर येऊन त्याने एकच विचारलं, “वर माणसं किती राहतात?”

चार दिवसांत बिऱ्हाडं हलली. कुणी शांती नगरला बहिणीकडे गेलं, कुणी पूनम सागरला भाड्याने. सामान उतरवताना काहींनी मनोरमाला तोंडावर ऐकवलं, “तुझ्या एका कागदापायी घर सुटलं आमचं.” ती मान खाली घालून त्यांच्या पिशव्या टेम्पोत चढवत राहिली. गिऱ्हाईक पळालं तसं गुणवंतभाईंनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

सहाव्या सकाळी मागचा जिना मीटरच्या खोलीसकट खाली बसला. शेवंतीच्या स्वयंपाकघराची अर्धी भिंतही त्याच्याबरोबर गेली. तिथे ती याच वेळी चहा ठेवायची.

मनोरमा धावत गेली तेव्हा कोणी जवळ जाऊ नये म्हणून दोरी बांधून झाली होती. महिपत शेवंतीचा हात धरून उभे होते. मनोरमाला पाहून त्यांनी बाजूला सरकून तिला शेवंतीशेजारी जागा करून दिली.

दुपारी नवरा सुभाष म्हणाला, “आता जेव तरी. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“हो,” ती म्हणाली आणि ताटाला हात न लावता बसून राहिली. “अहो, मी गप्पच बसणार होते. त्या दिवशी कागद घेऊन वर जाताना जिन्याशी दोनदा मागे फिरले होते मी.”